गुन्हेगारीशास्त्राची पदवी : गरज मोठी, पदे थोडी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला, की घरोघरी अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांचा ढीग साचू लागतो. गेल्या काही वर्षांत या ढिगात गुन्हेगारीशास्त्र आणि त्याचे जुळे भावंड मानले जाणारे न्यायसहायक विज्ञान, म्हणजेच फॉरेन्सिक सायन्स, यांची भर पडली आहे. एकेकाळी हे शब्द पोलिस मुख्यालय, प्रयोगशाळा आणि न्यायालय यांच्याबाहेर क्वचितच ऐकू येत. १९९८ ते २०१८ अशी तब्बल वीस वर्षे ‘सीआयडी’ ही मालिका घराघरांत पाहिली गेली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. तिच्यातील डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेने एका पिढीला या विषयाची गोडी लावली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्यातच १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि गंभीर गुन्ह्यांच्या तपासात वैज्ञानिक पुराव्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ‘या क्षेत्रात आता प्रचंड संधी’ हे वाक्य तेव्हापासून अनेक माहितीपत्रकांच्या पहिल्या पानावर झळकू लागले आहे.

संधी वाढणार, यात शंका नाही. परंतु समाजाची गरज आणि नोकरीचे पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज परिस्थितीतून निर्माण होते. पद मात्र वित्त विभागाच्या मंजुरीने निर्माण होते आणि त्यावर कोणाला घ्यायचे, हे सेवाप्रवेश नियम ठरवतात. पदवीची किंमत गरजेच्या चर्चेवर वाढते, तिचा परतावा मात्र मंजूर पदांच्या संख्येवर अवलंबून राहतो. मुला-मुलींच्या शिक्षणासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

दोन विषय, एक गैरसमज

पहिला घोटाळा नावातच होतो. गुन्हेगारीशास्त्र हे मूलतः सामाजिक शास्त्र आहे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, शिक्षेचा त्याच्यावर काय परिणाम होतो, तुरुंगातून सुटल्यावर त्याचे पुनर्वसन कसे व्हावे, पीडितांना न्यायप्रक्रियेत कोणते स्थान असावे, हे त्याचे प्रश्न. न्यायसहायक विज्ञान हे प्रयोगशाळेचे शास्त्र आहे. रक्त, विष, डीएनए, हस्ताक्षर, बंदुकीची गोळी, मोबाइलमधील माहिती यांचे परीक्षण करून न्यायालयात टिकेल असा अहवाल देणे, हे त्याचे काम. पहिल्या विषयाला कला शाखेचा विद्यार्थीही जाऊ शकतो. दुसऱ्यासाठी विज्ञानाचा, त्यातही बहुधा रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा पाया लागतो. प्रयोगशाळेच्या ओढीने गुन्हेगारीशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्याच सत्रात निराशा होते, ती यामुळेच.

आपल्याकडे या शिक्षणाचा प्रवास कसा झाला, हेही पाहण्याजोगे आहे. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तेथे गुन्हेगारीचा अभ्यास समाजकार्याचे एक अंग म्हणून रुजला. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये या विषयाचा विभाग काढला. दिल्लीत १९७२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली. तिचा मुख्य उद्देश सेवेत असलेल्या पोलिस, तुरुंग व न्यायखात्यातील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे हा होता. म्हणजे शिकणाऱ्याच्या हातात नोकरी आधीच होती आणि शिक्षण तिला पूरक होते. पुढे गुजरातने गांधीनगरला या विषयाचे स्वतंत्र विद्यापीठ काढले. २०२० च्या कायद्याने ते आणि दिल्लीची संस्था एकत्र येऊन राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याचे एक संकुल गोव्यात फोंड्याला आहे. महाराष्ट्र शासनाच्याही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. या सरकारी संस्थांच्या जोडीला आता खासगी विद्यापीठांचे पदवी, पदव्युत्तर आणि पदविका अभ्यासक्रम आले आहेत. सेवेतील अधिकाऱ्यांसाठी आखलेले शिक्षण नोकरीच्या शोधातील तरुणांपुढे आले, हा या प्रवासातील कळीचा बदल. त्याच्या जोडीने नोकऱ्यांची रचना मात्र बदलली नाही.

खर्चाचा हिशेब

शासकीय संस्थेतील शुल्क आणि खासगी विद्यापीठातील शुल्क यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरीही खर्चाचा विचार करताना बहुतेक पालक केवळ शुल्काचा आकडा पाहतात. प्रत्यक्षात खर्चाचे तीन भाग असतात : शुल्क, घराबाहेर राहण्याचा खर्च आणि त्या काळात बुडालेली कमाई. दरमहा १५ हजारांची साधी नोकरी सोडून कोणी दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेला, तर ३ लाख ६० हजार रुपये त्याने न कमावताच खर्च केलेले असतात.

उदाहरणादाखल असे समजू, की एका विद्यार्थ्याने शुल्क आणि वसतिगृह मिळून ८ लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर १० टक्के आणि परतफेडीची मुदत सात वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३ हजार ३०० रुपये येतो. सात वर्षांत बँकेला एकूण ११ लाख १५ हजारांच्या आसपास द्यावे लागतात. शिकत असतानाच्या काळाचे व्याज यात धरलेले नाही. कर्ज ५ लाखांचे असेल, तर हाच हप्ता सुमारे ८ हजार ३०० रुपये होतो. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, परंतु व्याजाचा बोजा त्या प्रमाणात वाढतो. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून आता उत्पन्नाची बाजू पाहू.

पोलिस खात्यात काय मिळते?

या पदवीकडे वळणाऱ्या अनेक तरुणांच्या मनात खाकी वर्दी असते. येथेच सर्वांत मोठा भ्रम आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत थेट पोलिस उपनिरीक्षक होण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. शिपाई भरतीला बारावी पुरते. भारतीय पोलिस सेवेसाठीही कोणतीही पदवी पुरेशी असून, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांच्या यादीत गुन्हेगारीशास्त्र नाही आणि न्यायसहायक विज्ञानही नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा हे विषय मात्र आहेत. राज्यातील उपनिरीक्षकाची वेतनश्रेणी ३८ हजार ६०० ते १ लाख २२ हजार ८०० रुपये आहे आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी या पदवीने एकही गुण अधिक मिळत नाही. तपासाचे व कायद्याचे धडे निवड झाल्यावर नाशिकच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीत शासनच आपल्या खर्चाने देते. पोलिस अधिकारी व्हायचे हेच ध्येय असेल, तर कमी खर्चाची कोणतीही पदवी आणि स्पर्धा परीक्षेची कसून तयारी, हा अधिक सरळ मार्ग आहे.

प्रयोगशाळांची स्थिती थोडी वेगळी आहे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. २०२४ च्या आरंभी या संचालनालयाने गट क संवर्गातील १२५ पदांची जाहिरात काढली. वैज्ञानिक सहायक, प्रयोगशाळा सहायक अशी पदे त्यात होती. ही संख्या संपूर्ण राज्यासाठी होती, हे ध्यानात घ्यावे. वैज्ञानिक सहायकाच्या पदाला न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीधरांबरोबर रसायनशास्त्राचे पदवीधरही पात्र होते. म्हणजे लाखो रुपये भरून विशेष पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याशी एकाच परीक्षेत स्पर्धा करावी लागते. रसायनशास्त्राच्या पदवीधराकडे औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया, रंग, खते असे उद्योगांचे पर्यायही हाताशी असतात. विशेष पदवी जितकी अरुंद, तितका तिचा दुसरा दरवाजा लहान.

समाजाच्या बाजूचे काम

गुन्हेगारीशास्त्राचा खरा उपयोग आहे तो तुरुंग, बालगृहे, परिवीक्षा आणि पीडितांना साहाय्य या क्षेत्रांत. तेथील गरज किती तीव्र आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे चारांपैकी तीन, न्यायाधीन बंदी होते. ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, असे हे लोक. तुरुंगांची क्षमता ओलांडून १३१ टक्के भरणा झालेला होता. आदर्श कारागृह नियमावली ५०० कैद्यांमागे एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असे सांगते. २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने देशभरातील तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अवघी २५ असल्याचे नोंदवले. ५०० च्या निकषाने हिशेब केला, तर अकराशेहून अधिक माणसे हवीत. गरज आणि पद यांतील दरीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

बालसंरक्षणाच्या क्षेत्रात पदे आहेत, परंतु त्यांचे मानधन पाहावे लागते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बालसंरक्षण कक्षातील समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता यांच्यासाठी दरमहा १८ हजार ५३६ रुपये, संरक्षण अधिकारी आणि विधी-तथा-परिवीक्षा अधिकारी यांच्यासाठी २७ हजार ८०४ रुपये, तर जिल्हा बालसंरक्षण अधिकाऱ्यासाठी ४४ हजार २३ रुपये धरलेले आहेत. यातील बरीचशी भरती कंत्राटी असते. आता वर केलेला हिशेब आठवावा. ८ लाखांच्या कर्जाचा १३ हजार ३०० रुपयांचा हप्ता भरल्यावर समुपदेशकाच्या हातात महिन्याला सव्वापाच हजारही धड उरत नाहीत. संरक्षण अधिकाऱ्याकडे साडेचौदा हजार उरतात. ठाणे किंवा पुण्यासारख्या शहरात घरभाडे भरून या रकमेत कसे जगायचे, याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसते. शिवाय या पदांवर समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा यांचे पदवीधरही दावा सांगतात.

याचा अर्थ हे काम कमी प्रतीचे आहे, असा मुळीच नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प आजही तुरुंगातील न्यायाधीन बंद्यांसाठी आणि सुटकेनंतरच्या पुनर्वसनासाठी काम करतो. जामिनाची रक्कम भरता न आल्याने आत राहिलेल्या माणसाला बाहेर काढणे, त्याच्या घरी निरोप पोचवणे, सुटल्यावर कामाला लावणे या गोष्टी प्रशिक्षित माणसाशिवाय होत नाहीत. असे काम करू इच्छिणाऱ्याने ते अवश्य करावे. मात्र त्या कामातून मिळणारे मानधन मोठ्या कर्जाचा भार पेलू शकत नाही, ही वस्तुस्थिती आधी ठाऊक असावी.

खासगी क्षेत्र, अध्यापन आणि परदेश

बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षण संस्था आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासासाठी माणसे घेतात. येथे वेतन चांगले असते, परंतु त्यांना प्रथम सनदी लेखापाल, संगणक अभियंता किंवा वकील हवा असतो; गुन्ह्याचे ज्ञान ही त्याची जोड. सायबर तपासाचेही तसेच आहे. अध्यापनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे दोन्ही विषय आहेत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. परंतु हे विषय शिकवणारी महाविद्यालयेच मोजकी, त्यामुळे प्राध्यापकांच्या जागाही मोजक्याच. ‘गुन्हेगारांचा मानसतज्ज्ञ’ होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीवर मिळत नाही.

परदेशी पदवीचा मोह यापेक्षा महागात पडू शकतो. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परंतु तेथील पोलिस दलात जायचे, तर वास्तव्यावर कोणतेही बंधन नसावे लागते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ते शक्य नाही. कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून ४१ हजार ७०० पौंड झाली आहे. समाजसेवी संस्थेतील सुरुवातीच्या नोकरीत एवढे वेतन मिळणे दुरापास्तच. त्यामुळे पौंडांत केलेला खर्च रुपयांतील पगारातून फेडण्याची वेळ येते.

नव्या कायद्याने काय बदलेल?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण होणे आवश्यक ठरले आहे. राज्यांना ही तरतूद लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, म्हणजे २०२९ च्या मध्यापर्यंत. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने न्यायसहायक पायाभूत सुविधांसाठी २ हजार २५४ कोटी ४३ लाख रुपयांची योजना मंजूर केली. २०२८-२९ पर्यंत चालणाऱ्या या योजनेतून केंद्रीय प्रयोगशाळा वाढतील, तशीच राष्ट्रीय विद्यापीठाची संकुलेही वाढतील. म्हणजे पदांबरोबर पदवीधरही वाढणार आहेत. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी बाहेर पडेल, तेव्हा या दोहोंतील कोणता वेग अधिक असेल, यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहील.

कायद्यातील आणखी एका बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ज्यांचा अहवाल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात न येताही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो, अशा तज्ज्ञांची यादी जुन्या संहितेच्या कलम २९३ मध्ये होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचाही तीत समावेश होता. ही यादी आता कलम ३२९ मध्ये आली असून, राज्य किंवा केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ‘इतर वैज्ञानिक तज्ज्ञ’ प्रमाणित करू शकते, अशी शब्दयोजना त्यात आहे. पूर्वी तेथे ‘सरकारी’ हा शब्द होता. राज्याने या तरतुदीचा उपयोग केला, तर सरकारी प्रयोगशाळेबाहेरच्या तज्ज्ञालाही काम मिळू शकेल. मात्र तसे होईपर्यंत ही केवळ शक्यता आहे आणि शक्यतेवर कर्ज काढू नये.

मग ही पदवी कोणी घ्यावी?

ज्याच्याकडे आधीच एखादा व्यवसाय किंवा नोकरी आहे, त्याला ती निश्चित उपयोगी पडते. फौजदारी वकिली करणारा, पोलिस किंवा तुरुंग खात्यात असलेला, बँकेच्या दक्षता विभागातील कर्मचारी, समाजकार्याचा पदवीधर यांच्या कामाला या अभ्यासाने धार येते. दुसरा गट शासकीय संस्थेत अल्प शुल्कात प्रवेश मिळवणाऱ्यांचा. त्यांचा खर्चच कमी असल्याने जोखीमही कमी. बारावीनंतर थेट या विषयाची पदवी घेण्यापेक्षा रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा यांपैकी एकाचा पाया घालून नंतर विशेष अभ्यासाकडे वळणे अधिक शहाणपणाचे. खासगी विद्यापीठात मोठे कर्ज काढून, केवळ विषयाच्या आकर्षणापोटी जाणाऱ्याने मात्र दहा वेळा विचार करावा.

प्रवेशापूर्वी करायची चौकशीही साधी आहे. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या गेल्या पाच वर्षांतील जाहिराती काढून पाहाव्यात : किती जागा होत्या, अर्हतेच्या रकान्यात आपल्या पदवीचे नाव होते का, पद कायम होते की कंत्राटी. संस्थेकडून मागील दोन-तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे, किती वेतनावर काम करतात, हे लेखी मागावे. अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे तपासावे. वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, तशी या विषयासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पदविकांच्या बाजारात भल्याबुऱ्याची निवड पालकांनाच करावी लागते.

परंतु सारी जबाबदारी विद्यार्थ्यांवर ढकलून चालणार नाही. एकीकडे शासन या विषयाची संकुले उभारते, दुसरीकडे त्याच शासनाच्या पोलिस, तुरुंग आणि बालविकास खात्यांच्या सेवाप्रवेश नियमांत या पदवीला वेगळे स्थान नसते. तुरुंगातील समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी, घटनास्थळी जाणारे तज्ज्ञ यांची कायम पदे निर्माण करून त्यांच्या अर्हतेत या शिक्षणाला प्राधान्य दिले, तर विद्यार्थ्यांचा पैसा सत्कारणी लागेल आणि लाखो न्यायाधीन बंद्यांनाही त्याचा उपयोग होईल. तोपर्यंत पालकांनी माहितीपत्रकाआधी सरकारी जाहिरातीतील अर्हतेचा रकाना वाचावा.